कारखाना अक्कलकोट रोडला, हिशेब सगळीकडे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचे कारखाने आहेत. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. इथल्या यंत्रमागांवरचा माल देशभर जातो, परदेशातही जातो. अशा एखाद्या जुन्या कारखान्याच्या ऑफिसात एक संगणक असतो, ज्याला दिवाणजींशिवाय कुणी हात लावत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावातल्याच एखाद्या प्रोग्रॅमरनं लिहून दिलेला प्रोग्रॅम त्यावर अजून चालतो. सुताची आवक, रंगाईला गेलेला माल, विणकरांना नगावर द्यायची मजुरी, गठ्ठ्यांची डिलिव्हरी चलनं, पार्टीनिहाय उधारी हे सगळं त्यात आहे. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचं काम नाही. दिवाणजी पडद्याकडे न बघता चलन टाकतात आणि एन्टर दाबून मोकळे होतात.

प्रोग्रॅम तेव्हा ज्यांच्यासाठी लिहिला ती सगळी माणसं एका छपराखाली बसत होती. आता तसं राहिलेलं नाही. समजा, मालकांची मुलगी मुंबईत बसून निर्यातीचं बघते आणि रोज दुपारी तिला तयार गठ्ठ्यांचा आकडा हवा असतो. गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. सीएंचं ऑफिस नवी पेठेत. दिवाणजींचे गुडघे दुखतात, त्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचं आहे. चौघांनाही त्याच एका संगणकातली माहिती लागते. ती त्यांच्यापर्यंत कशी न्यायची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

'नवीन सॉफ्टवेअर घ्या' हे उत्तर लगेच मिळतं. कधीकधी ते बरोबरही असतं, त्याकडे पुढे येऊ. पण जुना प्रोग्रॅम टाकाऊ आहे असं धरून चालणं मला पटत नाही. पंचवीस वर्षं चाललेल्या प्रोग्रॅममध्ये त्या धंद्याचे शेकडो बारीक नियम मुरलेले असतात. कुठल्या पार्टीला किती दिवसांची मुदत, दुय्यम माल कसा धरायचा, मजुरीतून उचल कशी वळती करायची, हे बहुतेक वेळा कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त प्रोग्रॅमला ठाऊक असतं. म्हणून आधी त्याला समजून घेऊ.

या प्रोग्रॅमांचं घराणं डीबेसपासून सुरू होतं. वेन रॅटलिफ या अमेरिकन अभियंत्यानं लिहिलेला हा प्रोग्रॅम ॲश्टन-टेट कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणला. त्याच वळणाचे क्लिपर आणि फॉक्सप्रो मागोमाग आले. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी स्वतःचा ॲक्सेसही आणला. आपल्याकडे १९९०च्या दशकात गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फॉक्सप्रो शिकवला जायचा. तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी कारखाने, पतसंस्था, दवाखाने, अडत दुकानं यांचे प्रोग्रॅम लिहिले. फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये जाहीर केलं आणि शेवटच्या आवृत्तीचा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. ॲक्सेस मात्र अजून विकला जातो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे आणि दूरच्या माणसाची सगळी अडचण तिथूनच सुरू होते. इथे डेटाबेस म्हणजे डिस्कवर पडलेली फाईल. त्या फाईलची राखण करणारा, विचारलेलं शोधून देणारा वेगळा प्रोग्रॅम नसतो. बँकेत किंवा रेल्वे आरक्षणात असतो तो सर्व्हर-डेटाबेस म्हणजे पेढीवरचा मुनीम: तुम्ही विचारता 'अमुक पार्टीकडे किती येणं?', तो खतावणी उघडतो, बघतो आणि फक्त आकडा सांगतो. फाईलवाल्या डेटाबेसात मुनीम नाहीच. ज्याला आकडा हवा त्यानं खतावणीची पानं स्वतःच्या टेबलावर मागवायची, स्वतः उलटायची, आणि काही लिहायचं असेल तर लिहून परत पाठवायची.

एका ऑफिसातल्या केबलवर हे खपून जातं. ॲक्सेसची फाईल ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते आणि एखादा मोठा फॉर्म उघडताना अशी दोन हजार पानं सहज मागवली जातात. ऑफिसातल्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो असं धरलं तर एकूण लागला एक सेकंद. हाच फॉर्म मुंबईतून इंटरनेटवरून उघडला आणि जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद लागले, तर दोन हजार फेऱ्यांना पूर्ण एक मिनिट जातं. इथे लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात. १०० एमबीपीएसचं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं करतात आणि फॉर्म तेवढाच हळू उघडतो. रस्ता रुंद केला तरी अंतर कमी होत नाही, आणि वेळ जातो तो फेऱ्यांच्या अंतरात.

हळू चालणं एकवेळ सोसता येईल. फाईल मोडणं सोसत नाही. ती कशी मोडते हे फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईलमध्ये अगदी जवळून दिसतं. फाईलचा पहिला बाइट तिचा प्रकार सांगतो. पुढच्या तीन बाइटांत शेवटच्या बदलाचं वर्ष, महिना, दिवस. त्यानंतरच्या चार बाइटांत एकूण नोंदी किती आहेत तो आकडा. मग रकान्यांची माहिती आणि त्यापुढे एकामागोमाग एक नोंदी. प्रत्येक नोंदीच्या तोंडाशी एक बाइट राखलेला असतो. नोंद जिवंत असेल तर तिथे रिकामी जागा, खोडलेली असेल तर एक तारका. खोडलेली नोंद फाईलमध्ये तशीच पडून राहते, पॅक नावाची आज्ञा दिल्यावरच ती खरोखर निघते.

आता एक चलन टाकलं की काय होतं ते बघा. नोंद फाईलच्या शेवटी जोडली जाते, तोंडाशी असलेला एकूण नोंदींचा आकडा एकनं वाढवला जातो आणि शोधासाठी ठेवलेल्या सीडीएक्स या वेगळ्या फाईलमध्ये तिचा पत्ता घातला जातो. ही तीन लिखाणं आहेत आणि ती सगळी दूरच्या संगणकाकडून होतात. पहिलं झालं आणि दुसऱ्याच्या आधी लाइन तुटली, तर फाईलच्या तोंडाशी एक आकडा आणि पोटात दुसराच. मग सकाळी दिवाणजींना पडद्यावर 'ही डेटाबेस फाईल नाही' असा संदेश दिसतो. चलनं सगळी आत असतात, फक्त चार बाइट चुकलेले असतात. जाणकार माणूस ते दुरुस्त करू शकतो, पण असा जाणकार आता गावात शोधावा लागतो. ॲक्सेसमध्येही असंच आहे. कुणी फाईल उघडली की शेजारी एलडीबी नावाची, नव्या आवृत्तीत एलएसीसीडीबी नावाची, छोटी फाईल तयार होते. कोण आत आहे आणि कुठलं पान कुणी धरून ठेवलंय ते त्यात असतं. लाइन तुटलेला माणूस तिथे आतच असल्यासारखा दिसत राहतो आणि त्यानं अर्धवट लिहिलेलं पान फाईल बिघडवतं.

म्हणून दोन मार्ग मी सरळ बाद करतो. पहिला, व्हीपीएन जोडून कारखान्यातलं फोल्डर मुंबईच्या लॅपटॉपवर उघडणं. व्हीपीएन स्वतः चांगली गोष्ट आहे, त्यानं रस्ता सुरक्षित होतो. पण त्या रस्त्यानं खतावणीची पानं ने-आण करायला लागलात की वरचे दोन्ही त्रास लागू होतात. दुसरा मार्ग जास्त फसवा आहे: डेटाबेसची फाईल गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवणं. ही सेवा फाईल अख्खी उचलते आणि अख्खी बदलते. दिवाणजींनी सोलापुरात चलन टाकलं आणि त्याच वेळी मुलीनं मुंबईत एक दर दुरुस्त केला, तर दोन फाईली तयार होतात आणि त्यातली एक 'कॉन्फ्लिक्ट' अशा नावानं बाजूला पडते. कुठली खरी? दोन्ही अर्ध्या खऱ्या. सुरुवातीचे काही दिवस हे सुरळीत चालतं, म्हणून लोक त्यावर विसंबतात आणि बिघाड लक्षात येईपर्यंत महिन्याची चलनं गुंतलेली असतात.

यापुढचा प्रश्न यंत्रांचा नसून माणसांचा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय कुठल्याही विक्रेत्याला फोन करू नये. दूर बसलेल्या कोणाला माहिती फक्त बघायची आहे आणि कोणाला लिहायची आहे? आपल्या चौघांत मुलीला फक्त आकडा बघायचा आहे. सीएंनाही महिन्याअखेरीस बघायचंच आहे. लिहितात ते दिवाणजी आणि गोदामवाला. ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांच्यासाठी रोज दोन वेळा प्रोग्रॅममधून तयार मालाचा तक्ता एक्सेलमध्ये काढून पाठवला, तरी काम भागतं. हे काम विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावून देता येतं, म्हणजे कुणाला आठवण ठेवायला नको. फाईलची प्रत काढायची तर जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री, प्रोग्रॅम बंद असताना काढावी. चालू फाईलची प्रत अर्धवट निघू शकते. एवढ्यानं चारातले दोघं सुटले आणि खर्च जवळपास काही नाही.

लिहिणाऱ्यांसाठी माझं ठाम मत असं की फाईल जागेवर ठेवावी आणि पडदा हलवावा. प्रोग्रॅम सोलापुरातल्याच संगणकावर चालेल, त्याच्या शेजारीच फाईल असेल. दूरच्या माणसाला फक्त त्या पडद्याचं चित्र जाईल आणि त्याच्याकडून कळफलकाचे ठोके येतील. लाइन तुटली तर चित्र जाईल, प्रोग्रॅम तिकडे जसाच्या तसा उभा राहील. अर्ध्यावर टाकलेलं चलनही तिथेच असेल, परत जोडलं की पुढे सुरू. साध्या अक्षरांच्या प्रोग्रॅमला लागणारा डेटा इतका थोडा असतो की मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही काम होतं. टॅलीनं २००९ साली ईआरपी ९ आवृत्तीत दुरून बघण्याची सोय दिली तीही याच तत्त्वावर: डेटा मालकाच्या संगणकावरच राहतो, दूरच्या माणसाला तो तिथून दिसतो.

एकट्या माणसासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्युअर पुरतात. पण त्यात दिवाणजी घरून काम करत असतील तेव्हा ऑफिसातला तो संगणक अडकतो, त्यावर दुसऱ्याला बसता येत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीतला रिमोट डेस्कटॉपही एका वेळी एकालाच आत घेतो. एकाच वेळी अनेकांना आपापला पडदा हवा असेल तर विंडोज सर्व्हर लागतो. त्यावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस बसवायची आणि प्रत्येक वापरणाऱ्याचा परवाना घ्यायचा. हे परवाने टाळण्यासाठी साध्या विंडोजवर 'जुगाड' करून देणारे भेटतात. तसं करणं परवान्याच्या अटींत बसत नाही, आणि विंडोजचं एखादं अपडेट आलं की ती सोय ऐन महिनाअखेरीला बंद पडते. ॲक्सेसचा प्रोग्रॅम असेल तर पडदे-फॉर्म असलेला भाग आणि डेटाची फाईल आधी वेगळे करावेत आणि प्रत्येक माणसाला फॉर्मची स्वतंत्र प्रत द्यावी. सगळ्यांनी एकच प्रत उघडली की बिघाड ठरलेला. वापरणाऱ्यांना पूर्ण ॲक्सेस विकत घ्यावा लागत नाही, मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा ॲक्सेस रनटाइम चालतो.

डॉसवरचा फॉक्सप्रो असेल तर एक अडचण आधीच माहीत असावी. तो १६ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर असे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, विंडोज सर्व्हरही २००८ आर२ पासून तसंच. ३२ बिटच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा अशा प्रोग्रॅमला डॉसबॉक्ससारख्या नकली डॉसमध्ये किंवा आभासी संगणकात बसवावं लागतं. हे जमतं, पण आधी एक दिवस खऱ्या कामावर चालवून बघावं, विशेषतः दोन माणसं एकाच वेळी नोंद करताना.

आणि छपाई! प्रत्यक्षात निम्म्या योजना इथे अडतात. जुना प्रोग्रॅम प्रिंटरशी सरळ एलपीटी-१ या दारातून बोलतो. गोदामात डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींचं चलन निघायला हवं आणि प्रोग्रॅम चालतोय कारखान्यात. रिमोट डेस्कटॉप दूरचा प्रिंटर जोडून देतो, पण डॉसच्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. प्रिंटर शेअर करून नेट यूज या आज्ञेनं एलपीटी-१ त्याच्याकडे वळवावा लागतो. कागद पुढे सरकणं, ठळक अक्षरं, पान फाडण्याची जागा यासाठी प्रोग्रॅमनं पाठवलेले संकेत तसेच्या तसे प्रिंटरपर्यंत पोचतात ना, हे चलन छापूनच कळतं. ट्रक दारात उभा असताना ते शोधत बसू नये.

सर्व्हर कारखान्यातच ठेवायचा की भाड्यानं घ्यायचा? कारखान्यात वीज जाते, ऑफिसात कापसाची धूळ असते, आणि जिओसारख्या बऱ्याच जोडण्यांना बाहेरून दिसणारा स्वतःचा आयपी पत्ता मिळत नाही, तो वेगळा मागून घ्यावा लागतो. भाड्याचा सर्व्हर आता लांबही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला डेटा सेंटरं सुरू केली, ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईला. तिथे विजेची काळजी नाही. पण मग कारखान्यातल्या माणसांनाही इंटरनेटवरूनच काम करावं लागतं. लाइन गेली तर गेटवरचं चलनही अडतं. ज्या ठिकाणी रोजची बहुतेक नोंद कारखान्यातच होते तिथे सर्व्हर कारखान्यात ठेवावा, चांगला यूपीएस आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घ्याव्यात. माणसं पांगलेली असतील तर भाड्याचा बरा. काही जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमांना आणि मराठी फॉन्टच्या पॅकेजना संगणकाला मागे लावायचं डाँगल लागतं, आणि पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये डाँगल लावायला कुणी येत नाही, हेही आधी तपासावं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर चालतो. ते पोर्ट राऊटरमधून थेट इंटरनेटला उघडं सोडू नका. जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम अशी उघडी दारं रात्रंदिवस चाचपत असतात, आणि एकदा पासवर्ड लागला की सगळ्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतात. २०१९ च्या मे महिन्यात 'ब्लूकीप' नावाचा दोष उघड झाला, त्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती. आधी व्हीपीएन, त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप, असाच क्रम ठेवा. व्हीपीएनची योग्य जागा ही आहे. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि शक्य असेल तिथे मोबाईलवर येणारी दुसरी खूण. दिवाणजींचं नाव आणि १२३ असा पासवर्ड सगळ्यांनी मिळून वापरणं बंद करा. हल्ला झालाच तर लपवू नका. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत द्यावी लागते.

आतापर्यंत इंटरनेट आहे असं धरलं. ते नसेल तर? याचं चांगलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात अग्रभागी आहे. कारखान्याचा शेतकी विभाग गावोगावच्या गट ऑफिसांतून उसाची नोंद घेतो: शेतकऱ्याचं नाव, क्षेत्र, जात को ८६०३२ की फुले २६५, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि लागवडीची तारीख. या तारखेवरून तोडणीचा क्रम ठरतो. नोंद उशिरा पोचली किंवा दुबार झाली तर शेतकऱ्याचा ऊस फडात उभा राहतो, वजन घटतं. त्यामुळे इथे डेटाबेसची चूक थेट पैशांत मोजली जाते.

जिथे रेंज येते-जाते तिथे पडदा हलवण्याचा उपाय चालत नाही. तिथे गट ऑफिसातच वेगळी छोटी फाईल ठेवून नोंदी करायच्या आणि संध्याकाळी त्या मुख्य ऑफिसात मिळवायच्या. मिळवणी म्हटलं की पहिला घोटाळा क्रमांकांचा. दोन गट ऑफिसांनी आपापल्या ठिकाणी ४५०१ क्रमांक दिला तर एका शेतकऱ्याच्या जागी दुसरा बसतो. म्हणून प्रत्येक गटाला आकड्यांची वेगळी मालिका द्यावी, पहिले दोन आकडे गटाचे. दुसरा नियम मालकीचा: ज्या गटानं नोंद केली त्यानंच ती बदलायची, मुख्य ऑफिसनं त्यावर फक्त आपला शेरा वेगळ्या रकान्यात द्यायचा. तिसरा, मिळवणीत किती नोंदी आल्या आणि एकूण क्षेत्र किती याचा ताळा दोन्हीकडे छापून जुळवायचा. ॲक्सेसमध्ये अशा मिळवणीची तयार सोय १९९५ ते २००३ च्या आवृत्त्यांत होती. २००७ मध्ये आलेल्या नव्या फाईल-प्रकारात मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकली. त्यामुळे आता हे नियम आपणच बांधावे लागतात, आणि साधे बांधले तर ते टिकतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुनीम नेमणं: जुने फॉर्म ठेवायचे आणि डेटा सर्व्हर-डेटाबेसात हलवायचा. ॲक्सेससाठी ही वाट बरीच मळलेली आहे. मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं मायग्रेशन असिस्टंट टेबलं एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेऊन देतं, आणि फुकट पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीही वापरता येतात. ॲक्सेसच्या फाईलला २ गिगाबाइटची मर्यादा आहे, तीही यानं सुटते. लाइन तुटली तर अर्धवट व्यवहार सर्व्हर स्वतः मागे घेतो, फाईल मोडत नाही. पण वेग आपोआप वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. उघडताक्षणी सगळी पार्टी-यादी मागवणारा फॉर्म सर्व्हरलाही सगळी यादीच मागेल. फॉर्म आधी रिकामा उघडावा, पार्टीचं नाव टाकल्यावर तेवढीच नोंद यावी, आणि मोठ्या बेरजा सर्व्हरवरच व्हाव्यात, असा बदल प्रत्येक फॉर्ममध्ये करावा लागतो. ज्याच्याकडे प्रोग्रॅमचा मूळ कोड आहे त्यालाच हे शक्य आहे. पुष्कळांकडे तो नसतो. प्रोग्रॅमर गाव सोडून गेलेला असतो आणि हातात फक्त चालणारी फाईल उरलेली असते.

डेटा हलवताना मराठी माणसाला आणखी एक काम पडतं, ज्याचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशी पॅकेजं वापरली. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट असेल तर नाव दिसतं, नसेल तर चिन्हांचा कचरा. शिवाय साठवण दिसेल तशी: 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. रफाराचंही असंच. प्रत्येक पॅकेजचे, कधी प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे, म्हणून रूपांतर करणारा प्रोग्रॅम नेमका त्याच फॉन्टचा हवा, आणि नंतर यादी डोळ्यांखालून घालायला माणूस हवा. पडदा हलवण्याच्या मार्गात ही कटकट टळते, कारण अक्षरं सर्व्हरवरच रेखाटली जातात आणि दूरच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला तरी चालतं.

सोलापुरात नावांचा गुंता आणखी वाढतो. इथे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एकाच मजुरीपत्रकात असतात. इंग्रजी अक्षरांत नोंद ठेवलेली असेल तर एकच व्यंकटेश तीन-चार स्पेलिंगांनी आलेला असतो, आणि तीन खरोखर वेगळे व्यंकटेश एकाच स्पेलिंगनं. संगणकाच्या भरवशावर नावं एकत्र केली तर एकाची उचल दुसऱ्याच्या मजुरीतून कापली जाईल. आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं होऊ देणं मला अक्षम्य वाटतं. नावं जुळवायला मुकादम आणि दिवाणजी दोघांना बसवावं, प्रोग्रॅमरला एकट्याला नव्हे.

पूर्ण नवी व्यवस्था घेण्याची वेळही कधी येते. कंपनी म्हणून नोंदलेल्या कारखान्याला १ एप्रिल २०२३ पासून असं हिशेबी सॉफ्टवेअर लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहते, आणि हिशेबाची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. डीबीएफ फाईलमध्ये कुणीही कुठलाही आकडा मागमूस न ठेवता बदलू शकतं. उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. तेव्हा विक्री आणि हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मजुरी व माल मोजण्याचा जुना प्रोग्रॅम चालू, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी शहाणपणाची ठरते. नवं म्हणजे टिकाऊ असंही धरू नका. ॲक्सेस २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ब्राउझरवर चालणारी वेब ॲप्स आणली, लोकांनी त्यावर प्रोग्रॅम बांधले, २०१७ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि २०१८ मध्ये ती बंदही झाली. फॉक्सप्रोचे त्याच्या कितीतरी आधी लिहिलेले प्रोग्रॅम अजून चालू आहेत.

हेच काम सरकारनं फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं आहे. गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या विकास सोसायट्या, एका समान संगणक व्यवस्थेवर आणण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. सुरुवातीला ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये. एकच क्लाउडवरचं सॉफ्टवेअर, प्रादेशिक भाषेत, आणि जिल्हा पातळीवर सुमारे २०० संस्थांच्या गटाला मदत. या योजनेत सॉफ्टवेअर आणि संगणकांइतकंच महत्त्वाचं कलम जुन्या नोंदी संगणकात आणण्याचं आहे. सोसायटीचे सचिव हे चांगलं जाणतात: सभासदाची थकबाकी सुरुवातीच्या शिल्लकेत एक रुपयानं चुकली तरी सगळ्या अहवालांत ती चूक येत राहते. खासगी कारखान्यालाही नव्या व्यवस्थेच्या अंदाजपत्रकात जुना डेटा साफ करण्याचा खर्च वेगळा धरावा लागतो, आणि विक्रेते तो सहसा कमी सांगतात.

आपल्या टॉवेल कारखान्यापुरता मी निर्णय देऊन टाकतो. मुलगी आणि सीए यांना रोजचे तक्ते. दिवाणजी आणि गोदामवाल्याला कारखान्यातल्या विंडोज सर्व्हरवर, व्हीपीएनच्या आतून, रिमोट डेस्कटॉप. विक्री-हिशेब टॅलीत. जुन्या प्रोग्रॅमचा डेटा वर्षभरात सवडीनं सर्व्हर-डेटाबेसात, मूळ कोड मिळाला तरच.

यातलं काही सुरू करण्याआधी आजच एक काम करा. डेटाच्या फोल्डरची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढा, ती डिस्क संगणकापासून वेगळी करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि त्या प्रतीवरून दुसऱ्याच एका संगणकावर प्रोग्रॅम उघडून कालचं शेवटचं चलन दिसतं का ते दिवाणजींना बघायला सांगा.